ठसका लागला की खिडकी उघडतो ना?

फोडणीत लाल मिरची करपली की काय होतं, हे कुठल्याही मराठी घरात समजावून सांगावं लागत नाही. मिरची करपते स्वयंपाकघरात आणि खोकत बसतात बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारे आजोबा. त्या वेळी कुणी म्हणत नाही, "आजोबा, तुम्ही ओट्यापासून सहा फुटांच्या पलीकडे आहात, तुम्हाला ठसका लागायचं कारण नाही." आपण एक्झॉस्ट लावतो, खिडक्या उघडतो, दार सताड उघडं टाकतो.

२०२० साली कोविड आला, तेव्हा मात्र आपण भलतंच करत बसलो. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, भाज्या सोड्याच्या पाण्यात बुडवल्या, कुरिअरची खोकी दोन-दोन दिवस जिन्यात ठेवली. आणि एवढं सगळं झाल्यावर खिडक्या लावून, एसी सुरू करून निर्धास्त बसलो. आमचं घरही त्यातलंच. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने याचा हिशेब मांडला. विषाणू असलेल्या वस्तूला एकदा हात लागला, तर त्यातून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी होती. हात धुवावेतच, जुलाब आणि टायफॉइड काही कुठे गेलेले नाहीत. पण कोविडचा हमरस्ता हाताचा नव्हता, श्वासाचा होता.

चीनमधल्या ग्वांगझू शहरातलं एक रेस्टॉरंट घ्या. २४ जानेवारी २०२०, चिनी नववर्षाचा आदला दिवस. तिसऱ्या मजल्यावर शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवत होती. त्यांतलं एक आदल्याच दिवशी वुहानहून आलेलं. पुढच्या दोन आठवड्यांत तिन्ही कुटुंबांतले मिळून १० जण आजारी पडले. त्याच मजल्यावर जेवलेले बाकीचे ७३ जण मात्र ठणठणीत राहिले, आणि वाढणारे वेटरही. कोडं सुटलं ते छताकडे पाहिल्यावर. मजल्याला खिडक्या नव्हत्या, एक्झॉस्ट पंखे बंद होते, आणि एसीचा झोत त्या तीन टेबलांवरची तीच ती हवा घुसळत होता. बाहेरची ताजी हवा माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर येत होती. अशा जागांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने पुढे सुचवलेलं प्रमाण आहे दहा लिटर.

मग "हा आजार हवेतून पसरत नाही" असं याच संघटनेने २८ मार्च २०२० रोजी ठामपणे का सांगितलं? यामागे एका आकड्याची गंमत आहे. गंमत म्हणायची, पण महागात पडलेली.

बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही आपल्या तोंडा-नाकातून लहानमोठे थेंब उडतात. पाठ्यपुस्तकं सांगत, पाच मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा थेंब लगेच खाली पडतो, त्याहून लहान असेल तरच तरंगतो. आता पदार्थविज्ञान काय म्हणतं पाहा. स्थिर हवेत पाच मायक्रॉनचा कण माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास घेतो. पाच-सहा सेकंदांत खाली येतो तो शंभर मायक्रॉनचा. विल्यम वेल्स या अमेरिकन संशोधकाने १९३४ मध्येच दाखवलं होतं, की मोठे थेंब पडतात, लहान थेंब पडण्याआधीच सुकतात आणि तरंगत राहतात. ही सीमारेषा शंभर मायक्रॉनच्या आसपास येते. मग पाच आला कुठून? तो क्षयरोगाचा आकडा. क्षयाचे जंतू फुप्फुसाच्या अगदी तळाशी पोहोचले तरच रोग धरतात, आणि इतक्या खोलवर पाच मायक्रॉनच्या आतलेच कण जातात. कधीतरी 'खोल जाणारा कण' आणि 'तरंगणारा कण' यांची गल्लत झाली, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या घोकली गेली. लिन्सी मार यांच्यासारख्या हवेतल्या कणांच्या अभ्यासकांनी महासाथीच्या काळात जुने कागद उकरून ती शोधून काढली. कोविडला तर इतकं खोल जायचीही गरज नसते, नाकही पुरतं.

याच वेल्स यांनी रिचर्ड रायली यांच्यासोबत १९५० च्या दशकात बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयरुग्णांच्या खोल्यांतली हवा नळ्यांतून वर नेली आणि छतालगतच्या पिंजऱ्यांतल्या गिनीपिगांना दिली. रुग्णांचा आणि त्या प्राण्यांचा संबंध आला तो फक्त हवेतून. तरी गिनीपिगांना क्षय झाला. ज्यांच्या पिंजऱ्यात हवा अतिनील दिव्यांखालून सोडली, ते वाचले. इतका स्वच्छ पुरावा हाताशी असताना जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांना "हवेकडे बघा" असं जाहीर पत्र लिहावं लागलं. आपल्याकडे मे २०२१ मध्ये केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने सांगितलं, की मोठे थेंब दोन मीटरांत पडतात, पण सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. तोवर दुसरी लाट येऊन गावंच्या गावं आजारी पडली होती.

कोविडचा रुग्ण लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून विषाणू सोडू लागतो. म्हणजे खोलीत कुणीच खोकत नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. एसीबद्दलही गैरसमज फार आहे. घरातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच थंड करून परत देतो. छताचा पंखाही तेच करतो, फक्त थंड न करता. हवा बदलायची तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्या लागतात. घरात कुणी आजारी असेल तर त्याच्या खोलीच्या खिडकीत पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवायचा, म्हणजे तिथली हवा घरात न येता बाहेर जाते.

एन-९५ मास्कलाही आपण उगाच चाळणी समजतो. विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मास्कची छिद्रं त्याहून मोठी, मग काय उपयोग, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक कट्ट्यावर होता. पण त्या कापडाच्या तंतूंवर कायमचा विद्युतभार असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे ते तंतू कण ओढून धरतात. म्हणूनच हा मास्क साबणाने धुतला किंवा सॅनिटायझरने पुसला की निकामी होतो. तो न धुता नुसता वाऱ्यावर वाळवून पुन्हा वापरणारे शहाणे निघाले. नाकाशी फट राहिली असेल तर मात्र भार असून काही फायदा नाही.

खोलीतली हवा शिळी झाली हे नाकाला नेमकं कळत नाही, पण कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र सांगतं. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत हा वायू साधारण ४२० भाग असतो, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४०,०००. यंत्राने १,६०० दाखवले, की समजायचं, आपण घेतलेल्या हवेतला सुमारे तीन टक्के भाग आधी कुणाच्या तरी फुप्फुसातून फिरून आलेला आहे. दार-खिडक्या लावून एसीत चाललेल्या भरगच्च क्लासमध्ये हा आकडा सहज २,००० च्या वर जातो. दोन खिडक्या उघडल्या की काही मिनिटांत खाली येऊ लागतो.

जुन्या घरांत दारा-खिडक्यांच्या वर एक छोटं झडप असायचं. त्याला सगळे व्हेंटिलेटरच म्हणायचे. एसी बसवताना थंडावा निसटू नये म्हणून आम्ही ते थर्माकोल लावून बुजवलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये व्हेंटिलेटरसाठी फोनामागून फोन करत होतो, तेव्हाही ते तसंच बुजलेलं होतं.