व्हर्च्युअल मशीन : वितरित प्रणालीतील संसाधनांची वाटणी

एकाच सर्व्हरचा प्रोसेसर, मेमरी व डिस्क हायपरव्हायजर या वाटणी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक स्वतंत्र आभासी यंत्रांत (व्हर्च्युअल मशीनमध्ये) वाटणे आणि ही यंत्रे गरजेप्रमाणे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवणे, अशी ही पद्धत आहे. आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९६०च्या दशकात ती आकाराला आली. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, केव्हीएम हा हायपरव्हायजर २००७ साली दाखल झाला.

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि रात्री त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस मिळतो. वेळा वेगळ्या म्हणून जागा पुरते. प्रोसेसरचेही तसेच: प्रत्यक्ष कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-एककांच्या) तिपटीने व्हीसीपीयू, म्हणजे यंत्रांना दिसणारे आभासी प्रोसेसर, वाटले तरी कार्यालयीन कामे बहुधा सुरळीत चालतात. वाटप अति झाले की यंत्राच्या आत लिनक्सच्या 'टॉप' आज्ञेतला 'एसटी' हा आकडा (बसचा संबंध नाही!) चढू लागतो, म्हणजे काम तयार आहे, पण प्रोसेसर दुसऱ्याकडे आहे.

मेमरी अशी पाळीपाळीने वापरता येत नाही. बलूनिंगने, म्हणजे यंत्रांकडची न वापरलेली मेमरी काढून घेऊन, थोडी परत मिळते, पण त्या भरवशावर नियोजन करू नये. मूळ सर्व्हर स्वॅप करू लागला, म्हणजे मेमरी अपुरी पडून तिच्यातला मजकूर डिस्कवर हलवू लागला, की आतल्या यंत्रांना कारण कळत नाही आणि सगळीच रखडतात.

समजा, इंदूरच्या एखाद्या महाविद्यालयाकडे १२८ जीबीचे तीन सर्व्हर आहेत. प्रत्येकी ८ जीबी हायपरव्हायजरसाठी सोडले, तर ३६० जीबी उरतात. एक सर्व्हर बंद पडला तरी काम चालायला हवे, म्हणून वाटायचे फक्त २४० जीबी. हा हिशेब बहुतेक जण सर्व्हर बंद पडल्यावर करतात. सर्व्हर तीनच का? दोनच असले आणि त्यांच्यातली जोडणी तुटली, तर दोघेही स्वतःला मुख्य समजून एकाच डिस्कवर लिहू शकतात. तिघांत दोन मतांचे बहुमत ठरते.

चालू यंत्र हलवताना मेमरीची पाने (ठरावीक आकाराचे तुकडे) आधी पाठवली जातात, मग मधल्या काळात बदललेली पुन्हा. १ गिगाबिटच्या जाळ्यावर १६ जीबीला किमान दोन मिनिटे लागतात. डेटाबेस सेकंदाला सव्वाशे एमबीहून अधिक पाने बदलत असेल, तर हे स्थलांतर संपतच नाही. तेव्हा १० गिगाबिटचे वेगळे जाळे लागते. दोन सर्व्हरांचे प्रोसेसर वेगळ्या पिढीचे असल्यास दोघांनाही समजणाऱ्या सूचनांचाच संच यंत्राला दाखवावा, नाहीतर स्थलांतरानंतर यंत्र कोसळू शकते.