पांढऱ्या पिसातली पांढरी ऊ

हिवाळ्यात हतनूर धरणावर शाळकरी मुलांना पक्षी दाखवत होतो. एका पोराने काठावरचं पांढरं पीस उचललं, तशी सोबतची आजी ओरडली, “फेकी दे ते, डोक्यात उवा पडतीन!”

पक्ष्यांना उवा असतात हे आजीचं खरं. पण त्या माणसाच्या डोक्यात नांदत नाहीत. आपली ऊ रक्त पिते, पिसांवरच्या बहुतेक उवा पीसच कुरतडून खातात. लिखा पिसालाच चिकटवलेल्या, पिल्लं तिथेच तीनदा कात टाकून मोठी होतात. दुसऱ्या पक्ष्यावर जायचं तर बहुतेकदा अंगाला अंग लागावं लागतं. (पिसाला हात लावल्यावर हात मात्र धुवा.)

यातली माझी सगळ्यात आवडती ऊ हंसाची, ऑर्निथोबियस. युरोपातला तो पांढराशुभ्र हंस हतनूरला दिसत नाही, पण वारकरी दिसतो: काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. हंसाची ऊ फिकट, वारकऱ्याची गडद. असं का?

पक्षी चोचीने पिसं विंचरतो ते नुसतं नटणं नव्हे. चोचीत सापडलेली ऊ चिरडली जाते. पांढऱ्या पिसावर गडद ऊ चटकन दिसते आणि मरते; फिकट ऊ नजरेतून सुटते आणि लिखा घालते. पुढची पिढी तिचीच. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात हे घडवून पाहिलं. राखी पारव्यांच्या उवा पांढऱ्या आणि काळ्या कबुतरांवर सोडल्या. काही कबुतरांच्या चोचीत छोटी अडकण बसवली, म्हणजे चोच पुरती मिटेना आणि ऊ चिरडता येईना. 4 वर्षांत उवांच्या साधारण 60 पिढ्या झाल्या. जिथे चोच चालत होती तिथे पांढऱ्या कबुतरांवरच्या उवा फिकट होत गेल्या, काळ्यांवरच्या गडद. अडकण होती तिथे असा बदल झाला नाही. रंग पिसाने दिला नव्हता, चोचीने निवडला होता!

पक्ष्याच्या डोक्यावर राहणाऱ्या उवा पाहा. स्वतःच्या डोक्याला स्वतःची चोच पोचत नाही. म्हणून त्या उवांचा रंग पिसाशी जुळत नाही.

हंस दूध आणि पाणी वेगळं करतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. तसं कुठलाच पक्षी करत नाही. चोचीची ही निवड मात्र तुमच्या गच्चीवरच्या पारव्यातही रोज चालू असते.

आजींना एवढं सांगेपर्यंत पोराने ते पीस वहीत ठेवलं होतं.