सीताफळ सीतामाईचं? थोडा खुलासा

दिवाळीच्या सुमारास नागपुरात सीताफळाच्या टोपल्या दिसू लागल्या की हमखास ऐकू येतं: ‘वनवासात सीतामाईनं खाल्लं म्हणून सीताफळ.’ रामटेक जवळच, त्यामुळे ते पटतंही. पण हे झाड मूळचं उष्णकटिबंधीय अमेरिकेतलं. रामफळ त्याचंच भावंड, तेही तिकडचंच. पेरूसुद्धा.

मग ते आपल्या टेकड्यांवर रानटी कसं? पानं कडू, शेळ्या तोंड लावत नाहीत. मुरमाड जमिनीतही बी रुजतं आणि कमी पाण्यावर झाड तगतं. ते रानात असं फोफावलं की परकं वाटेनासं झालं. नाव आपण दिलं, प्रेमानं दिलं. त्याबद्दल तक्रार नाही.

मला सल आहे ती वेगळी. विदर्भाच्या रानातली खरी देशी फळं मागे पडतात: टेंभरं, कवठ, आणि चार, ज्याच्या बियांतली चारोळी आपण श्रीखंडावर पेरतो. तुळशीच्या लग्नात ‘बोर भाजी आवळा, कृष्णदेव सावळा’ म्हणतो, संक्रांतीनंतर लेकरांना बोरन्हाण घालतो. शबरीनं रामाला दिली तीही बोरंच. रामकथेतलं फळ हवं असेल तर ते हे आहे.