रुमालातला पूर्वज: पुणे दफ्तराची पार्श्वभूमी

कुळाचा किंवा गावाचा मागोवा घेत पुण्याच्या पुरालेखागारात गेलेल्या माणसाची पहिली अडचण अशी की, तिथे आडनावाप्रमाणे काहीच लावलेले नसते. हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, शाहू दफ्तर, घडणी, रोजकीर्द, प्रांत अजमास अशा विभागांत ठेवलेले आहेत आणि हे विभाग कारभाराच्या सोयीने पडलेले आहेत. आपला पूर्वज या कागदांत सापडतो तो सरकारशी त्याचा जिथे व्यवहार झाला तिथे, एरवी नाही.

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि हुजूर दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, इंग्रजांच्या हाती आले. जिंकलेल्या मुलखात कोणती जमीन सारामाफ आहे आणि कोणाचे वतन कुठवर चालत आले आहे, हे त्याशिवाय कळण्याजोगे नव्हते. कागद जपले गेले ते या गरजेपोटी.

या दफ्तराच्या कचेरीला इंग्रजी अमदानीत ‘एलियनेशन ऑफिस’ म्हणत. हे नाव आज अनेकांना चकवते. इथे एलियनेशन म्हणजे जमिनीचा महसूल सरकारने स्वतः न घेता दुसऱ्याकडे सोडलेला असणे. त्याला मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे, दुमाला. आरणगाव दुमाला यासारख्या गावांच्या नावांत तो अजून टिकून आहे. दुमाला जमिनींचा हक्क खरा की खोटा हे ठरवण्यासाठी इनाम कमिशनचे काम १८४३ पासून सुरू झाले आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने त्याला व्यापक अधिकार मिळाले. सनद दाखवा, भोगवटा सिद्ध करा, नाहीतर इनाम खालसा, म्हणजे सरकारजमा, होईल, असा तो प्रकार होता. पिढ्यान्‌पिढ्या देवघरात किंवा माळ्यावर ठेवलेले कागद लोकांना कचेरीत आणावे लागले आणि अनेक देशमुख-देशपांड्यांची घरची दफ्तरे सरकारने ताब्यात घेतली. महसुलाच्या दृष्टीने या चौकशीचे समर्थन करता येईल. पण ज्या घरांचे कागद गेले त्यांना तो आपल्या स्मृतीवरचा घाला वाटला आणि ते वाटणे योग्यच होते. १८६३ च्या कायद्यांनी ठरावीक आकारणी मान्य करणाऱ्यांची चौकशी थांबवली. मात्र तोवर खाजगी कागद आणि सरकारी कागद यांतली सीमा कायमची पुसट झाली होती.

या कागदांसाठीची आजची इमारत १८९१ मधली. अभ्यासकांना मात्र दार बराच काळ किलकिलेच राहिले. १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. हे काम मोठे होते, तरी निवड मुख्यतः राजकारणाच्या आणि मोहिमांच्या पत्रांची झाली. गावचे तंटे, पाटीलकीच्या वाटण्या आणि जमाखर्च बहुतांशी रुमालांतच राहिले. कुळाचा शोध घेणाऱ्याला नेमके तेच हवे असतात.

असा एखादा कागद उलगडला की हातकागदावर मोडीची न तुटणारी ओळ दिसते आणि आरंभी ‘सबैन मया व अलफ’ असे अरबी शब्दांत लिहिलेले साल असते. ते उलट्या क्रमाने वाचायचे: हजार, शंभर, सत्तर, म्हणजे सुहूर सन या जुन्या कालगणनेतले ११७०, अर्थात इसवी १७६९-७०. माणसाची ओळख पुष्कळदा ‘अमुक बिन तमुक, मौजे अमुक, परगणे तमुक’ एवढीच असते. त्यातला ‘बिन’ म्हणजे मुलगा. म्हणून आडनावापेक्षा गावाचे आणि परगण्याचे जुने नाव माहीत असणे अधिक उपयोगी पडते.

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने समिती नेमली आणि पुढे हा शोध राज्यभर पसरला. तहसील कचेऱ्यांतली कोतवाल बुके, म्हणजे गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि शाळांची जनरल रजिस्टरे बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तिथल्या शोधाची वाट हैदराबादकडे गेली आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरला, म्हणजे निजामाच्या राज्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाला, प्रशासकीय महत्त्व आले. मराठा आरक्षणाच्या ज्या वादातून हा शोध सुरू झाला त्यात कोणाचे म्हणणे बरोबर, हा इथला प्रश्न नाही. इनाम कमिशनपुढे सनद घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाप्रमाणेच पूर्वजाची नोंद पुन्हा पुरावा म्हणून मागितली जात आहे; फरक एवढाच की, तेव्हा कागद घरातून कचेरीत गेले आणि आता कुटुंबे ते शोधत कचेरीत येत आहेत.