भाताच्या फुलाचा नाजूक तास

भाताला पाणी भरपूर मिळालं की ऊन त्याला बाधत नाही, असं आपण धरून चालतो. बांधीतलं हिरवंगार पीक पाहून ते पटतंही. पण कापणीला लोंब्या हलक्या लागतात आणि दाणा दाबून पाहिला तर आत काहीच नसतं. पूर्व विदर्भातल्या उन्हाळी धानाला हा धोका जास्त, कारण ते निसवतं मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे पारा चाळिशीकडे निघालेला असताना.

नुकसान नेमकं कधी होतं हे कळायला फूल जवळून पाहावं लागतं. दोन तुसांच्या आत टोकाला परागकोष असलेले सहा पुंकेसर आणि पराग झेलणाऱ्या दोन केसाळ कुक्षी मिटून बसलेल्या असतात. तळाशी दोन बारीक खवले असतात. ते पाणी शोषून फुगले की तुसं उघडतात. हे घडतं साधारण सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान, आणि तासाभरात फूल पुन्हा मिटतं. तेवढ्यात परागकोष फुटून पराग कुक्षीवर पडायला हवेत, आणि परागाचं आयुष्य जेमतेम काही मिनिटांचं. नेमक्या त्या तासात तापमान पस्तिशीच्या वर गेलं तर परागकोष नीट फुटत नाहीत, कुक्षीवर पुरेसे पराग पडत नाहीत आणि दाणा पोचट राहतो. परागीभवन उरकल्यावर दुपारी तेवढंच तापलं, तर दाणा धरण्यावर फारसा परिणाम होत नाही.

रोप गप्प बसून सोसत नाही. पानांतून, लोंबीतून पाण्याची वाफ सोडून ते स्वतःला थंड ठेवतं. ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरिना भागात पारा चाळिशी गाठतो, तरी तिथे भात बऱ्यापैकी भरतो. हवा कोरडी आणि शेतात पाणी उभं, म्हणून लोंबी हवेपेक्षा कितीतरी थंड राहते. दमट हवेत वाफ जायला जागाच नसते. म्हणून मला कोरड्या उन्हापेक्षा दमट उकाडा भाताचा मोठा वैरी वाटतो.

पेशींच्या आतही धावपळ चालते. उष्णतेने प्रथिनांची घडी विस्कटते. ती सावरणारी खास प्रथिनं रोप तातडीने तयार करतं आणि बिघडलेल्यांचा निचरा करतं. आफ्रिकेतल्या भातात हा निचरा अधिक चपळ करणारं टीटी-1 जनुक शांघायच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये उजेडात आणलं.

मला सगळ्यात भावते ती वेळ चुकवण्याची युक्ती. ओरायझा ऑफिसिनॅलिस हा रानभात भल्या सकाळीच फुलतो. त्याचा हा गुण आयआर-64 या लागवडीतल्या भाताच्या जातीत उतरवल्यावर तिची फुलं नेहमीपेक्षा दीड-दोन तास आधी उघडू लागली. ऊन चढेपर्यंत परागीभवन उरकलेलं असतं.

रात्रीच्या उकाड्यावर मात्र ही युक्ती चालत नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आपल्या शेतावरच्या 1979 ते 2003 या काळातल्या नोंदी तपासल्या. रात्रीचं किमान तापमान एक अंशाने वाढलं की उन्हाळी हंगामातलं उत्पादन सुमारे 10 टक्क्यांनी घटत होतं. इथे आशा वाटते ती उत्तर प्रदेशातल्या नगीन्यात निवडलेल्या नगीना-22 या जुन्या वाणाकडे पाहून. ऐन फुलोऱ्यातली उष्णता आणि उबदार रात्री, दोन्हींत तो टिकलेला आहे. त्याचं स्वतःचं उत्पादन कमी. म्हणून फुलोऱ्यात उष्णता सोसण्याचा त्याचा गुण ज्या चौथ्या गुणसूत्रावर सापडला, त्याचा तेवढाच तुकडा संकर करून आयआर-64 मध्ये आणला गेला.