चर्चगेटच्या तळमजल्यांवरची जेवणं

मुंबईत चर्चगेटला बाहेर जेवायला जाण्याची जी ऐट आहे, तिचा पाया शब्दशः भरावाचा आहे. शंभर वर्षांपूर्वी ओव्हल मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ होते आणि लगेच समुद्र. १९२० च्या दशकात सरकारने बॅकबेमध्ये भराव घालायला घेतला. खर्च भलताच फुगला आणि खुर्शेद नरिमन यांनी त्यातल्या गैरव्यवहाराविरुद्ध रान उठवलं. चर्चगेट स्ट्रीटला पुढे वीर नरिमन यांचं नाव मिळालं, ते अगदी योग्य झालं.

या नव्या जमिनीवर १९३० च्या दशकात आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या: गोलाई दिलेले कोपरे, खिडक्यांवर सलग छज्जे, वर फ्लॅट आणि रस्त्याकडे तोंड केलेले तळमजल्याचे गाळे. इथल्या हॉटेलांना जागा मिळाली ती या रचनेमुळे. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरचं 'सूना महल' गजानन म्हात्रे यांनी १९३७ च्या सुमारास रचलं. आपल्या या मराठी वास्तुरचनाकाराचं नाव अजूनही फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला खंत वाटते. १९३८ मध्ये स्टेशनसमोर 'इरॉस' सुरू झालं आणि सिनेमानंतर खायला थांबणारी गर्दीही आली.

खरा बहर आला तो स्वातंत्र्यानंतर. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्यावर निर्बंध आले, तरी संध्याकाळी टेबलं भरायची. त्यात वाद्यवृंदांचा वाटा मोठा होता आणि त्या वृंदांत गोव्याचे वादक भरपूर. अॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये क्रिस पेरी यांचा ट्रम्पेट आणि लोर्ना यांचा आवाज घुमला. कोकणी गाण्यांनी घराघरांत पोचलेली ही जोडी चर्चगेटच्या रात्रीही गाजवत होती.

१९५६ मध्ये 'गेलॉर्ड' आलं. लांबा आणि घई या भागीदारांचा दिल्लीत 'क्वालिटी'मुळे आधीच जम बसला होता. पंजाबी जेवण, काँटिनेंटल पदार्थ आणि बेकरी हे सगळं एका छताखाली मिळू लागलं. संगीतकार जयकिशन यांचं तिथं ठरलेलं टेबल असे.

२०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. 'सूना महल'च्या तळमजल्यावर 'टॉक ऑफ द टाउन' गेलं, 'जॅझ बाय द बे' आलं, मग पिझ्झा आला. ब्रेबॉर्न स्टेडियमला लागून असलेलं 'के. रुस्तम' मात्र १९५३ पासून दोन पातळ बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची जाड वडी घालून देतंय.