नव्या जर्सीला जुनेपण देणारी बुरशी

ब्राझीलच्या १९७०च्या विश्वविजेत्या संघाची आठवण करून देणारी पिवळी, हिरव्या गळ्याची सुती जर्सी आज नवीकोरी मिळते आणि तरी विटलेली दिसते. 'ॲसिडमध्ये बुडवलीय, चार धुण्यांत विरणार' असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात असा विटका रंग आणण्यासाठी अनेकदा 'एन्झाइम वॉश' करतात आणि त्यामागे एक बुरशी आहे.

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू नि कपडे कुजत होते. तिथे सापडलेल्या एका बुरशीला पुढे संशोधक एल्विन रीस यांच्यावरून 'ट्रायकोडर्मा रीसाय' हे नाव मिळालं. ती सेल्युलेज नावाची एन्झाइम्स, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, भरपूर बनवते. तंबू खाणारी तीच एन्झाइम्स आता कापड उद्योगाच्या कामी येतात, हे मला फार विलक्षण वाटतं.

कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो रेणूंची साखळी. भातातला स्टार्चही ग्लुकोजचाच, पण त्यातले बंध अल्फा प्रकारचे, कापसातले बीटा. म्हणून भात आपल्याला पचतो, कापूस पचत नाही. सेल्युलेज हेच बीटा-१,४ बंध तोडतं. त्यातलं एंडोग्लुकानेज साखळी मधेच कापतं, सेलोबायोहायड्रोलेज टोकाकडून ग्लुकोजच्या जोड्या सोडवतं, बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोड्या फोडतं. तिघांना पुरेसा वेळ दिला तर कापडाची साखर होऊ लागेल! म्हणून धुलाईत बहुधा एंडोग्लुकानेज जास्त असलेलं मिश्रण घेतात.

एन्झाइमचा रेणू मोठा असतो. सेल्युलोजच्या घट्ट स्फटिकी भागात तो सहज शिरत नाही, त्यामुळे त्याचा मारा मुख्यतः पृष्ठभागावरच्या बारीक लवेवर होतो. कमजोर झालेली लव मशीनमधल्या घर्षणाने तुटते. पिगमेंट डायचा रंग बाइंडर नावाच्या चिकट पदार्थाने वरवरच चिकटवलेला असतो, तोही लवेबरोबर निघतो. शिवणी आणि गळ्याची कड जास्त घासली जाते, म्हणून ती आधी विटते. साधारण ५० ते ५५ अंश सेल्सिअस आणि किंचित आम्लधर्मी पाणी एवढं पुरतं. शेवटी पाणी ८० अंशांच्या आसपास तापवलं की उकडलेल्या अंड्यासारखी या प्रथिनांची घडी मोडते आणि काम थांबतं. ते वेळेत थांबवलं नाही, तर मात्र कापड खरंच कमजोर होतं.

काही जाहिराती अशा टी-शर्टला 'केमिकल-फ्री' म्हणतात. हा दावा निरर्थक आहे. एन्झाइम रसायन आहे, सेल्युलोजही रसायनच.

पॉलिएस्टरचे बंध वेगळे असल्यामुळे सेल्युलेज त्याला काही करू शकत नाही. त्यामुळे पॉलिएस्टरच्या रेट्रो जर्सीवरचा विटका रंग या धुलाईतून आलेला नसतो. खरेदी करताना लेबल जरूर वाचा. आणि सुती जर्सी घरी आणल्यावर उलटी करून गार पाण्यात धुवा. कारण कपड्यांवरची लव काढण्यासाठी धुण्याच्या अनेक पावडरींतही थोडं सेल्युलेज घातलेलं असतं.